अंगात शिरलेला कली आणि पटावरची शेवटची सोंगटी

१/
एखाद्या शहाण्या माणसाने अचानक अविचार केला की मराठीत म्हणतात, ‘त्याच्या अंगात कली शिरला.’ हा वाक्प्रचार नळराजाच्या कथेतून आला, हे अनेकांना ठाऊक असते. त्या कथेतील दुष्ट देवता होण्यापूर्वी ‘कलि’ हे द्यूतातील एका दानाचे नाव होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते हरणारे दान होते. मोजणीच्या शेवटी एकटा उरलेला एक, म्हणजे कलि.

या धाग्याचा विषय तो ‘शेवटी उरलेला’ भागच आहे. फाशांच्या खेळाचा अखेरचा टप्पा नशिबाचा की हिशेबाचा? आज जगभर खेळल्या जाणाऱ्या बॅकगॅमनमध्ये या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. त्या उत्तराची एक फार जुनी चाहूल विदर्भाच्या कथेत आहे.

२/
विदर्भ आणि द्यूत यांचे नाते दोन मोठ्या आख्यानांनी जोडलेले आहे. पहिले नळ-दमयंतीचे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या आणि कुंडिनपूर ही त्याची राजधानी. दुसरे आख्यान रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याचे. भोजकट येथे अनिरुद्धाच्या विवाहप्रसंगी त्याने बलरामाशी द्यूत मांडले. हे भोजकट केवळ पुराणातले नाव नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात ‘भोजकट राज्या’चा उल्लेख आहे.

या वाकाटकांचीच दुसरी शाखा वत्सगुल्म येथे राज्य करीत होती. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. त्या शाखेकडे पुढे वळू. आधी नळाचा डाव पाहणे आवश्यक आहे.

३/
नळ जो खेळ खेळला त्यात आजच्यासारखे ठिपक्यांचे चौकोनी फासे नव्हते. वैदिक काळापासून ‘अक्ष’ म्हणजे बिभीतकाची, अर्थात बेहड्याची फळे. ऋग्वेदातील जुगाऱ्याचे प्रसिद्ध सूक्त याच बेहड्यांविषयी आहे.

खेळाच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. जर्मन संस्कृततज्ज्ञ हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये केलेली मांडणी आजही आधारभूत मानली जाते. तिचा गाभा असा: फळांची संख्या चाराच्या गटांत मोजायची. काहीही उरले नाही तर ‘कृत’, तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’, एक उरले तर ‘कलि’. चार युगांची नावे आणि चार दानांची नावे एकच आहेत, हा योगायोग नव्हे.

अशा खेळात हाताच्या सफाईपेक्षा नजरेचा हिशेब मोलाचा ठरतो. समोरच्या राशीत किती फळे आहेत हे जो क्षणात ओळखतो, त्याला पुढच्या डावाचे अर्धे गुपित आधीच कळलेले असते.

४/
नळ हरला तो एका रात्रीत नव्हे. महाभारताच्या वनपर्वात हा डाव कित्येक महिने चालतो. नगरजन दाराशी येतात, मंत्री येतात, दमयंती विनवते. नळ उठत नाही. अखेरीस दमयंती मुलांना सारथ्याबरोबर विदर्भात माहेरी पाठवते. राज्य जाते आणि अंगावरचे एक वस्त्र तेवढे उरते.

हरत चाललेला खेळाडू उठत का नाही, याचे कारण कथा ‘कली’ असे देते. जुगाराच्या अड्ड्याला कधी ओझरती भेट दिलेल्या कोणालाही त्यासाठी देवतेची गरज भासणार नाही.

५/
पुढचा प्रसंग साऱ्या आख्यानाचा कणा आहे आणि तो नेमका विदर्भाच्या वाटेवर घडतो.

नळ आता बाहुक या नावाने अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याचा सारथी आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची (खरे तर नळाला शोधण्यासाठी रचलेली) वार्ता येते आणि ऋतुपर्णाला एका दिवसात कुंडिनपूर गाठायचे असते. रथ इतक्या वेगाने धावतो की राजाचे उपरणे गळून पडल्याचे लक्षात येईपर्यंत ते योजनभर मागे राहिलेले असते.

वाटेत बेहड्याचे झाड दिसते. ऋतुपर्ण रथातूनच सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. पानांची संख्याही तो सांगतो.

६/
नळ रथ थांबवतो. उशीर होईल म्हणून राजा घाई करतो, तरीही हा सारथी हटून बसतो. ‘मी मोजून पाहणार.’ तो फांदी तोडतो, फळे मोजतो. संख्या जुळते.

तेव्हा ऋतुपर्ण सांगतो की आपल्याला ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांचे मर्म, अवगत आहे आणि आपण गणनेतही निपुण आहोत. या दोन विद्या तो एका श्वासात सांगतो, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. नळाजवळ अश्वविद्या आहे. दोघांत विद्येची देवघेव ठरते.

विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक इयन हॅकिंग यांनी १९७५ मध्ये संभाव्यतेच्या उगमावर लिहिलेल्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली. थोड्या भागावरून संपूर्णाचा अंदाज बांधणे आणि फाशांचे ज्ञान यांचा असा थेट संबंध इतक्या जुन्या कथेत जोडलेला आढळावा, याचे त्यांना विशेष वाटले.

७/
येथे घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी नळ स्वतः मोजून पडताळतो. मग त्याला अक्षहृदय प्राप्त होते. आणि ते प्राप्त झाल्यानंतरच कली त्याच्या देहातून बाहेर पडून बेहड्याच्या झाडात आश्रय घेतो.

कीर्तनांतून आणि शालेय पुस्तकांतून सामान्यतः उलट क्रम ऐकू येतो: कली गेला, म्हणून नळ जिंकला. मूळ कथेत ज्ञान आधी येते आणि कली नंतर जातो. हा फरक किरकोळ नाही. पहिल्या वाचनात नळ हा दैवाचा बळी ठरतो, दुसऱ्यात अपुऱ्या विद्येचा.

८/
शेवटच्या डावात नळ पुष्कराला दोनच पर्याय देतो: द्यूत किंवा द्वंद्व. महिनोन्‌महिने थोडे थोडे गमावणारा हाच माणूस आता सर्वस्व एकाच पणाला लावतो आणि जिंकतो. मग तो भावाला क्षमा करून त्याचा वाटा परत देतो.

एका पणात सर्व लावणे हे धाडस वाटते. ते कोणत्या परिस्थितीत शहाणपणाचे ठरते, याचा आकड्यांतला हिशेब मांडायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याकडे येऊच.

९/
रुक्मीची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथे वाद मोजणीचा नसून निकालाचा आहे. बलराम आधी हरतो, मग मोठा पण जिंकतो, आणि रुक्मी म्हणतो की जिंकलो मीच. विष्णुपुराणात बलराम ज्या वस्तूने रुक्मीचा वध करतो ती म्हणजे अष्टापद, म्हणजेच द्यूताचा पट. शेवटच्या दानाबाबत प्रामाणिक राहिले नाही तर पटाचेच शस्त्र होते, असे विदर्भाच्या भूमीवर घडलेले हे दुसरे आख्यान.

१०/
आता वाशिम. वत्सगुल्मच्या वाकाटकांची ओळख पटवून देणारा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिम येथेच १९३९ मध्ये उजेडात आला. वाशिमजवळच्या हिस्सेबोराळा येथील शिलालेख राजा देवसेनाच्या काळातील असून त्यावर शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, असा काल आहे. त्यात ‘सुदर्शन’ नावाच्या तलावाचा उल्लेख येतो. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लागतो. साहित्याच्या जगात या गावाला इतका मान होता.

देवसेनाचा पुत्र हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, हे तेथील लेखावरूनच कळते.

११/
अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात विधुरपंडित जातक रंगवलेले आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या कामाचा संबंध अनेक अभ्यासक हरिषेणाच्या काळाशी जोडतात. झोपाळ्यावरच्या इरंदतीचे चित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. त्याच कथेत एक द्यूतप्रसंग आहे. पूर्णक नावाचा यक्ष कुरुराजाला द्यूतात हरवतो आणि पणात मागतो तो त्याचा शहाणा अमात्य, विधुर.

सोने नको, घोडे नकोत, राज्यही नको. राजाजवळचे शहाणपण हवे. वाकाटकांच्या काळातील चित्रकारांनी द्यूताचा हा अर्थ भिंतीवर रंगवला. नळकथा जे सांगते त्याचीच ही दुसरी बाजू: नळ द्यूतासाठी ज्ञान मिळवतो, कुरुराजा द्यूतात ज्ञान गमावतो.

१२/
पुढच्या शतकांत बेहड्याची फळे मागे पडत गेली आणि पट व पाशक, म्हणजे लांबट फासे, पुढे आले. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. दिवाळीतील बलिप्रतिपदेचे ‘द्यूतप्रतिपदा’ हे दुसरे नाव याच दैवी डावाशी जोडले जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला, तेव्हा त्यात फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना स्वतंत्र स्थान दिले.

तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’नुसार, विदर्भात ऋद्धिपूरला येण्यापूर्वीचे चक्रधर म्हणजे भडोचचे हरिपाळदेव हे द्यूतात हरले होते, आणि ते देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेने दागिने देण्यास नकार दिला. त्यातून आलेली विरक्ती पुढे महानुभाव पंथाच्या इतिहासापर्यंत पोहोचते.

१३/
बॅकगॅमनचा थेट पूर्वज म्हणजे इराणी ‘नर्द’. तो मूळचा भारतीय, असे समाजमाध्यमांवर सर्रास लिहिले जाते. पहलवी भाषेतील जुनी आख्यायिका मात्र वेगळेच सांगते. भारताच्या राजाने खुसरो अनुशीरवान (इ. स. ५३१–५७९) याच्या दरबारी बुद्धिबळ पाठवले आणि याचे रहस्य उलगडा, असे आव्हान दिले. मंत्री बुजुर्गमिहिराने ते उलगडले आणि उत्तरादाखल नर्द रचून भारतात पाठवला: तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस, पंधरा पांढऱ्या म्हणजे दिवस, पंधरा काळ्या म्हणजे रात्री.

आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. पण इराणी परंपरेने बुद्धिबळाचे श्रेय भारताला दिले आणि नर्दचे स्वतःकडे ठेवले, एवढे तरी मान्य करावे लागते. या खेळाची खूण मराठीतही उरली आहे. सोंगटीला जुना पर्यायी शब्द ‘नरद’ असा आहे.

१४/
मराठी घरांत रुजला तो मात्र सारीपाट. चार पट्ट्यांचा कापडी पट, प्रत्येक पट्टीवर चोवीस घरे, सोळा सोंगट्या. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फज्लने चौपडीचे वर्णन करताना तीन लांबट फासे सांगितले आहेत. त्यांच्या बाजूंवर १, २, ५ आणि ६ असे ठिपके असत. एक आणि दोन सहा मिळून पडणारे ‘पौबारा’ हे दान पळ काढण्याच्या अर्थाने आजही मराठीत जिवंत आहे.

कवड्यांच्या पचिसीत शेवटचे घर गाठायला नेमके दान लागते. दोन हवे असताना सहा पडले तर सोंगटी जागेवरच. बॅकगॅमनमध्ये ही अट नाही आणि त्यामुळेच तेथे अखेरचा टप्पा फसवा होतो. चूक झाली तरी सोंगटी अडत नाही, म्हणून ती चूक होती हेच कळत नाही.

१५/
नियम थोडक्यात. चोवीस घरे, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, दोन फासे. सर्व सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आल्या की त्या बाहेर काढायच्या. फाशावर ४ पडले तर चौथ्या घरातील सोंगटी निघते. पडलेल्या आकड्याच्या घरात आणि त्यामागे सोंगटी नसेल तर सर्वांत मागची निघते. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला तर तो चार वेळा खेळायचा.

दोन फाशांची ३६ दाने होतात. जोड्यांचा चौपट लाभ धरला तर एका दानात सरासरी सव्वाआठाहून किंचित कमी घरे चालता येतात. येथपर्यंतचा हिशेब बहुतेक खेळाडू करतात.

१६/
आता खरी परीक्षा. समजा, फक्त दोन सोंगट्या उरल्या आहेत, एक पाचव्या घरात आणि एक तिसऱ्या. चालू दानातील १ खेळायचा बाकी आहे. प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी पुढच्या दानात नक्की निघणार आहे. म्हणजे पुढच्या एका दानात दोन्ही सोंगट्या निघाल्या नाहीत तर डाव गेला.

कोणती हलवावी? बहुतेकांचा हात मागच्या सोंगटीकडे जातो: पाचवरून चारवर. उरतात ४ आणि ३. दुसरा पर्याय म्हणजे तीनवरून दोनवर. उरतात ५ आणि २. दोन्हीकडे एकूण अंतर सातच.

मोजून पाहावे, नळासारखे. ४-३ मध्ये एक फासा किमान चाराचा आणि दुसरा किमान तिनाचा हवा. वेगवेगळ्या आकड्यांची अशी १२ दाने आहेत. २-२ पासून ६-६ पर्यंतच्या पाच जोड्याही चालतात. एकूण १७. ५-२ मध्ये एक फासा किमान पाचाचा, दुसरा किमान दोनाचा. अशी १४ दाने आणि त्याच पाच जोड्या. एकूण १९.

१७/
३६ पैकी १७ आणि ३६ पैकी १९. अंतर तेच, सोंगट्या तेवढ्याच, पण पहिल्या मांडणीत हरण्याची शक्यता अधिक, दुसऱ्यात जिंकण्याची. तेच सात अंतर ६-१ असे उरले असते तर फक्त १५ दाने उपयोगी पडली असती.

दानात जे आकडे वाया जातील ते आधीच ओळखणे, हे अखेरच्या टप्प्याचे मर्म. म्हणून जाणते खेळाडू नुसते अंतर मोजत नाहीत. घरे रिकामी ठेवून पोकळी होऊ देत नाहीत आणि पहिल्या घरात सोंगट्यांचा ढीग रचत नाहीत. त्या घरातील सोंगटी काढायला सहाचा फासा वापरावा लागला, तर पाच घरांची चाल मातीमोल होते.

१८/
आणि येथे नळाचा ‘एकच पण’ परत येतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमधील खेळाडूंनी बॅकगॅमनमध्ये डबलिंग क्यूब आणला. आपल्या पाळीत दान टाकण्यापूर्वी पण दुप्पट करण्याचे आव्हान देता येते. समोरच्याने ते स्वीकारावे किंवा तेथेच डाव सोडून मूळ पण द्यावा.

वरच्या उदाहरणात, पुढच्या पाळीच्या आरंभी ५-२ मांडणी असेल तर दुप्पट करणे योग्य, कारण पारडे किंचित का होईना आपल्याकडे झुकलेले आहे. ४-३ असेल तर तेच आव्हान चुकीचे. दोन्ही वेळी धाडस सारखेच दिसेल. प्रतिस्पर्ध्यासाठीही हिशेब ठरलेला आहे: अशा शेवटच्या दानात जिंकण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांहून अधिक असेल तर दुप्पट पण स्वीकारणे फायद्याचे. डाव सोडला तर एक पण नक्की जातो. चारदा स्वीकारून तीनदा दोन पण गमावले आणि एकदा दोन जिंकले, तरी तोटा चार पणांचाच होतो.

१९/
हा विचार शेवटाकडून मागे येण्याचा आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात प्रश्न होता तो हाच: अर्धवट थांबलेल्या डावातील रक्कम दोन खेळाडूंत न्याय्य रीतीने कशी वाटावी? झालेल्या डावांकडे न पाहता उरलेल्या शक्यतांकडे पाहावे, हे त्यांचे उत्तर. आधुनिक संभाव्यताशास्त्राची सुरुवात बहुधा येथून सांगितली जाते.

१९७५ मध्ये एमेट कीलर आणि जोएल स्पेन्सर यांनी दुप्पट करण्याच्या योग्य क्षणाचे गणित मांडले. १९७९ मध्ये हान्स बर्लिनर यांच्या संगणकप्रणालीने माँटे कार्लो येथे तेव्हाचा विश्वविजेता लुईजी विला याला ७–१ असे हरवले. फाशांनी भरपूर साथ दिली, हे बर्लिनर यांनी स्वतःच मोकळेपणाने मान्य केले. पुढे अखेरच्या टप्प्यातील स्थितींचे संपूर्ण तक्ते संगणकांनी तयार केले: एक सोंगटी उरली असता काय, दोन उरल्या असता काय, असे एकेक पाऊल मागे येत.

२०/
ऋतुपर्णाने झाडाखाली न उतरता जे सांगितले, ते या तक्त्यांच्या जातीचे ज्ञान नव्हे. त्याचा दावा कवितेतला आहे आणि कथेतच सुरक्षित आहे. पण सारथ्याने रथ थांबवून, राजाची घाई बाजूला सारून, एकेक फळ मोजले, तो भाग खऱ्या खेळाडूचा आहे.

बेहडा विदर्भाच्या रानांत आजही उभा असतो. त्रिफळ्यातील तीन फळांपैकी हे एक. औषधाला चालणाऱ्या या झाडाला जुन्या परंपरेने अपवित्र मानले, कारण नळाच्या देहातून निघालेला कली त्यात जाऊन बसला. झाडाचा दोष एवढाच की त्याची फळे मोजली गेली होती.